गाडीच्या चाकाचे नट: कधी बदलायचे, कसे बदलायचे



मागच्या बैठकीत गाडीचा हिशोब वाचताना एका ओळीवर सगळ्या थांबल्या. 'चाकाचे नट, २० नग. स्टड, १ नग.' कोपऱ्यात बसलेल्या एका ताईंनी लगेच विचारलं, "अगं, दोन-तीन नट खराब झाले होते ना? मग वीस कशाला घेतले?" प्रश्न रास्त होता. पैसा आपल्या सगळ्यांचा आहे, विचारायलाच पाहिजे. मी तिथे काहीतरी घाईघाईत उत्तर दिलं आणि पुढचा विषय घेतला. घरी जाताना माझं मलाच ते पटलं नाही. म्हणून यावेळी बचतीवर न लिहिता नटांवर लिहितेय. एमएसडब्ल्यू करताना हे कुणी शिकवलं नव्हतं, गॅरेजमध्ये स्टुलावर बसून शिकले आहे.

आधी झालं काय ते सांगते. मे महिन्यात आपली पिकअप आंब्याच्या पेट्या आणि आमसुलं घेऊन गुहागरकडून चिपळूणला निघाली होती. तिथून पुढे कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडला जायचं होतं. चिपळूणच्या अलीकडेच मागचं चाक पंक्चर झालं. स्टेपनी होती, जॅक होता, पाना होता. गाडी चालवणाऱ्या ताईला चाक बदलता येतं, तिने आधी दोनदा बदललेलं आहे. पाचपैकी दोन नट निघाले. तिसऱ्यावर पाना घसरायला लागला. चौथ्यावर तर पाना बसेचना. पाचवा निघाला, पण करकर आवाज करत. भर दुपारी दोन तास आम्ही रस्त्याच्या कडेला उभ्या होतो. शेवटी एका ट्रकवाल्या दादांनी त्यांच्याकडची गोटी, म्हणजे सॉकेट, हातोडीने ठोकून बसवली आणि नट काढून दिले. जाताना ते म्हणाले, "ताई, असे नट घेऊन घाट चढणार होतात?" त्यांना बरं वाटावं म्हणून आम्ही हसलो, पण मला दिवसभर ते वाक्य टोचत होतं. माल उशिरा पोचला, भाव कमी मिळाला, तो हिशोब तुम्ही पाहिलाच आहे.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये मेकॅनिकने चारही चाकांचे नट काढून फडक्यावर मांडले. वीस नटांत तीन जाती निघाल्या! काही मूळचे. काही कधीतरी हरवलेल्यांच्या जागी टायरच्या दुकानात लावलेले साधे नट. आणि चार चमकदार टोपीवाले. हेच ते पाना न बसणारे.

नट फुगतो म्हणजे काय

लोखंड कसं फुगेल, असं मलाही वाटलं होतं. टोपीवाल्या नटाच्या आत साधा लोखंडी नट असतो आणि वरून चकचकीत पातळ पत्र्याची टोपी दाबून बसवलेली असते. दिसायला छान. पण टोपीच्या कडेतून पाणी आत जातं आणि आतला नट गंजतो. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो. भिजत घातलेले वाल कसे फुगतात, तसंच. आपल्याकडे जुन्या घरांच्या स्लॅबचे पोपडे पडतात ते याच कारणाने: आतली सळई गंजते, फुगते आणि सिमेंट बाहेर ढकलते. इथे सिमेंटच्या जागी पातळ पत्रा असतो. तो बाहेर ढकलला जातो आणि १९ चा पाना ज्या नटावर बसायचा, त्यावर तो बसेनासा होतो. मग कुणीतरी मोठा पाना लावतं. तो सैल असतो, घसरतो आणि नटाचे कोपरे खातो. कधी टोपीच फाटून निघते. मग आतला नट पान्याला लहान पडतो. म्हणजे एकाच चाकाला तीन मापांचे पाने लागायची वेळ येते आणि गाडीत पाना असतो एकच.

आपल्याकडची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यात असे नट फार दिवस टिकत नाहीत. माझं मत विचाराल तर माल वाहणाऱ्या गाडीला टोपीवाले नट लावूच नयेत. अखंड लोखंडाचे, कोटिंग केलेले साधे नट बरे. त्यांनाही गंज चढतो, पण तो बाहेरून दिसतो, ब्रशने घासून काढता येतो.

नट झिजतो तो आपल्या हातानेच

साध्या नटाला सहा कोपरे असतात. पाना पूर्ण आत न ढकलता फिरवला की जोर फक्त कोपऱ्याच्या टोकावर येतो आणि कोपरा गोल होतो. एकदा गोल व्हायला लागला की प्रत्येक वेळी आणखी गोल होतो. म्हणून पाना नटावर तळापर्यंत बसला की नाही ते आधी बघायचं, मगच जोर लावायचा. सॉकेट घेताना आतून सहा कोपऱ्यांचं घ्यावं. बारा कोपऱ्यांचंही मिळतं, ते पटकन बसतं, पण झिजलेल्या नटावर पटकन घसरतंही.

बाहेरचे कोपरे आपल्याला दिसतात. आतले आटे दिसत नाहीत आणि खरा धोका तिथे आहे. लोणच्याच्या बरणीचं झाकण कधी तिरकं लागतं, आपण तसंच दाबून फिरवतो, ते अर्धवट बसतं आणि पुढच्या वेळी निघत नाही. नटाचंही तसंच. टायरच्या दुकानात हवेच्या गनने नट सुरुवातीपासूनच ठर्रर्र करत लावतात. नट जरा तिरका धरला गेला असेल तरी गनला ते कळत नाही, ती आटे कापत तो आत घालते. वरून बघितलं तर नट घट्ट दिसतो. माणसाच्या बोटांना मात्र लगेच कळतं.

आता माझी चूक सांगते. मागच्या वर्षी एकदा चाक बसवताना मी पान्याला पाइप घातला आणि त्याच्या टोकावर उभी राहिले. "आता हलणार नाही," असं मोठ्या अभिमानाने म्हटलं. तुमच्यातल्या काही जणी तिथे होत्या, त्यांनी टाळ्याही वाजवल्या होत्या! गॅरेजमध्ये जो एक स्टड खराब निघाला, तो त्याच चाकाचा. त्याचे आटे एका ठिकाणी बारीक आणि लांबट झाले होते, ताणलेल्या दोऱ्यासारखे. मेकॅनिक म्हणाला, असा स्टड कधी तुटेल सांगता येत नाही.

जास्त घट्ट केल्याने नुकसान कसं होतं ते कळायला नट नेमकं काय करतो हे कळायला हवं. मला वाटायचं, चाक स्टडवर टांगलेलं असतं, खुंटीवर पिशवी टांगावी तसं. तसं नसतं. चकलीचा सोऱ्या आठवा. दांडा फिरवला की आटे पीठ खाली दाबतात. नट तसाच फिरता फिरता रिमला मागच्या हबवर दाबतो. नट आवळताना स्टड अगदी किंचित ताणला जातो आणि परत आखडायला बघतो. त्या ओढीमुळे रिम हबला चिकटून राहते आणि गाडीचं वजन, ब्रेकचा झटका, वळणाचा जोर हे सगळं त्या घट्ट दाबावर पेललं जातं. नट सैल असेल तर दाब जातो, रिम हलायला लागते आणि स्टडला वाकडे हिसके बसून तो तुटतो. नट अति आवळला तर स्टड कायमचा ताणला जातो, परत आखडत नाही. म्हणजे पुन्हा दाब गेला. दोन्हीकडून गोष्ट तिथेच येते.

आणि एक नट गेला की त्याच्या वाट्याचा भार शेजारच्यांवर पडतो. म्हणून एक स्टड तुटलेला सापडला तर त्याच्या दोन्ही बाजूंचे स्टडही नीट तपासायला सांगा.

किती आवळायचं? प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत आकडा दिलेला असतो, न्यूटन-मीटरमध्ये. लहान मोटारींना साधारण १०० च्या आसपास, पिकअपसारख्या गाड्यांना बहुतेक त्याहून जास्त. आपल्या गाडीचा आकडा पुस्तिकेत बघूनच ठरवायचा, अंदाजाने नाही. पण १०० म्हणजे किती याची कल्पना यावी म्हणून सांगते: अर्धा मीटर लांब दांड्याच्या टोकाला २० किलो तांदळाची गोणी टांगली तर जेवढा जोर येईल, साधारण तेवढा. माझं वजन ५२ किलो. मी तशा टोकावर उभी राहिले म्हणजे अडीचपट जोर झाला. टाळ्यांचं काय ते तुम्हीच ठरवा.

बदलायची वेळ आली हे कसं ओळखाल

महिन्यातून एकदा, गाडी धुतल्यावर, पाना घेऊन प्रत्येक नटावर नुसता बसवून बघा. फिरवायचं नाही, फक्त बसवायचा. एकाही नटावर पाना अडला, सैल बसला किंवा डगमगला तर तो नट बदलायचा. कोपरे गोल दिसले, टोपी फुगली किंवा फाटली, नट लावताना बोटांनी सहज फिरला नाही, तरी बदलायचा. नटाच्या बुडापासून रिमवर गंजाचे तांबूस ओघळ बाहेरच्या दिशेने गेलेले दिसले तर जास्त सावध व्हा. ते बऱ्याचदा नट सैल होऊन रिम घासत असल्याचं लक्षण असतं. हळू चालताना चाकातून टकटक आवाज आला किंवा स्टिअरिंग नव्यानेच थरथरायला लागलं तर गाडी तिथेच बाजूला घ्यायची. "बाजारापर्यंत जाऊ, मग बघू" असं करायचं नाही. मागे माल असो नाहीतर माणसं.

माणसांचं मुद्दाम म्हणाले. २०१७ साली सुरू झालेल्या आजीविका ग्रामीण एक्स्प्रेस योजनेत बचत गटातल्या महिला प्रवासी गाड्या चालवतात. आपल्यातही काही जणी तसा विचार करत आहेत. त्यांनी हे आत्ताच वाचून ठेवा.

नवे नट घेताना

जुना चांगला, मूळचा नट सोबत घेऊन जा. "अमुक गाडीचा नट द्या" एवढ्यावर समाधान मानू नका. तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत.

पहिली, आटे. दिसायला सारख्या दोन नटांचे आटे वेगळे असू शकतात. १२ मिलिमीटरच्या स्टडला दीड मिलिमीटर अंतराचे आटे असतात तसे सव्वा मिलिमीटरचेही असतात. डोळ्यांना फरक कळत नाही. एकाचा नट दुसऱ्यावर एक-दोन फेरे जातो, मग अडतो. तिथे जोर लावला की दोन्ही गेले. दुसरी, नटाचं बूड. रिमला टेकणारी बाजू कुठे शंकूसारखी निमुळती असते, कुठे चेंडूसारखी गोल, कुठे वॉशरसकट सपाट. रिममधल्या भोकाचा आकार तसाच असतो. गोल भोकात निमुळता नट घट्ट होतो, पण नुसत्या एका बारीक कडेवर टेकतो आणि थोड्याच दिवसांत सैल पडतो. आपल्या गाडीला टायरच्या दुकानात लावलेले नट नेमके असेच होते, बूड वेगळं. तिसरी, बाहेरचं माप, म्हणजे सगळ्या नटांना एकच पाना चालेल.

वीस नट का घेतले याचं उत्तर इथे आहे. प्रश्न विचारणाऱ्या ताईंचं अर्धं बरोबर होतं, वीसही खराब नव्हते. आठ मूळचे चांगले होते. पण एका चाकाला एकच जात असावी, आणि रस्त्यात एकाच पान्याने चारही चाकं निघावीत, म्हणून पूर्ण संच घेतला. ते आठ चांगले नट फेकलेले नाहीत. तेल पुसून डबीत घालून गाडीतच ठेवले आहेत, पुढे एखादा हरवला तर तेच लागतील. एवढं मी बैठकीत सांगितलं असतं तर विषय पाच मिनिटांत संपला असता.

बदलायचे कसे

जाम झालेला, गोल झालेला किंवा फुगलेला नट घरी काढायच्या भरीला पडू नका. छिन्नी-हातोडीने नट निघतो, पण सोबत रिमचं भोक आणि स्टडही खराब होतो. गॅरेजमध्ये अशा नटांसाठी आतून उलट्या पिळाचं सॉकेट मिळतं, ते नटात रुतून त्याला फिरवतं. गंज सोडवणारा स्प्रे मारून थोडा वेळ थांबलं तर काम आणखी सोपं होतं.

बाकी, पाना नीट बसतोय असे नट बदलणं आपल्यापैकी कुणालाही जमेल. गाडी रिकामी आणि सपाट जमिनीवर. हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये, चाकांना दगड. फक्त नट बदलायचे असतील तर जॅक लावायचीही गरज नाही. चाक जमिनीवरच ठेवून एक नट काढायचा, नवा लावायचा, मगच दुसऱ्याला हात घालायचा. एका वेळी एकच.

नट निघाला की उघडा स्टड तारेच्या ब्रशने घासायचा आणि कोरड्या फडक्याने पुसायचा. तेल किंवा ग्रीस लावायचं नाही. पुढच्या वेळी सहज निघावा म्हणून मीही लावणार होते, मेकॅनिकने हात धरला. तेलाने आटे बुळबुळीत होतात, तेवढ्याच जोरात नट खूप जास्त आवळला जातो आणि स्टड ताणतो. गंज सोडवायला स्प्रे मारला असेल तर तोही पुसून काढायचा.

मग नवा नट बोटांनी लावायचा. पाना नाही, गन नाही, फक्त बोटं. तो सरळ, न अडता रिमला टेकेपर्यंत गेला पाहिजे. अडला तर काढून पुन्हा लावा. पुन्हा अडला तर नट चुकीचा आहे किंवा स्टडचे आटे गेले आहेत. तिथेच थांबा आणि मेकॅनिकला बोलवा. स्टड हबमध्ये मागून दाबून बसवलेला असतो, तो बदलणं त्याचंच काम.

सगळे बोटांनी लागले की पान्याने थोडे थोडे आवळायचे, पण ओळीने नाही. पाच नट असतील तर एक सोडून एक, चांदणी काढतो तसं. चार किंवा सहा असतील तर समोरासमोर. ओळीने आवळले तर रिम एका बाजूला आधी बसते आणि दुसरी बाजू किंचित उघडी राहते. शेवटचा जोर टॉर्क पान्याने. हा पाना ठरलेल्या आकड्याला 'कट' असा आवाज करतो, तिथे थांबायचं. तो महाग असतो, प्रत्येक गटाने घ्यायची गरज नाही. संघाने एक घ्यावा असा ठराव मी पुढच्या बैठकीत मांडणार आहे. तोपर्यंत गॅरेजमध्ये नेऊन तेवढं करून घ्या.

चाक पूर्ण काढलं असेल तर रिम आणि हब जिथे एकमेकांना टेकतात तिथली माती, गंज घासून काढा. मध्ये माती राहिली तर ती चालताना दबते आणि घट्ट केलेला नट आपोआप सैल होतो. म्हणून ५० ते १०० किलोमीटर गाडी चालली की सगळे नट पुन्हा एकदा त्याच आकड्याला तपासायचे. हे सगळ्यात जास्त विसरलं जातं. मी ड्रायव्हर ताईच्या वहीत तारखेऐवजी किलोमीटरच लिहून ठेवले.

आणखी एक युक्ती, बिनपैशाची. नट आवळून झाले की प्रत्येक नटावरून रिमवर जाणारी एक सरळ रेघ नेलपेंटने ओढायची. नट जरा जरी फिरला की रेघ तुटलेली दिसते. लांबच्या गाड्यांच्या नटांवर पिवळे प्लॅस्टिकचे बाण तुम्ही पाहिले असतील, ते याचसाठी असतात. आपल्या गाडीला सध्या गुलाबी रेघा आहेत. चिपळूणच्या पंक्चरवाल्याने विचारलं, "ताई, ही काय फॅशन?" ड्रायव्हर ताईने त्याला समजावलं, आणि जाताना त्यानेच एका जीपला खडूने तशा रेघा मारल्या.

पंक्चर काढताना दुकानात एवढंच म्हणायचं: "दादा, नट आधी हाताने लावा, गन नंतर, शेवटचं मी पान्याने करते." काही जण हसतील. एकाने आपल्या ताईला "तुम्ही सावलीत बसा" असं सांगितलं होतं. ती बसली नाही, तिथेच उभी राहिली आणि पाचही नट तिने हाताने फिरवून बघितले. त्यातला एक तिरका होता.

पुढच्या बैठकीला गाडी कार्यालयासमोर उभी असेल. जुने बारा खराब नटही ठेवले आहेत, फुगलेला नट हातात घेऊन बघा आणि पाना लावून बघा. ज्या गटांकडे ट्रॅक्टरची ट्रॉली किंवा रिक्षा आहे, त्यांनी आपला एक नट आणि पाना सोबत आणावा. बैठक ११ वाजता आहे, पण त्यासाठी अर्धा तास आधी या.